शाळेच्या बाकावर विद्यापीठाचा वर्ग: युकॉनच्या ईसीई कोर्सबद्दल एका आईचं मत

सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या आमच्या घरी युनिव्हर्सिटी ऑफ कनेक्टिकटचं, म्हणजे युकॉनचं, ४०० डॉलरचं बिल आलं. मुलगी तेव्हा बारावीत होती आणि रोज सकाळी पिवळ्या बसनेच शाळेत जात होती. नवऱ्याने बिल दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे नक्की कशाचं?" तेव्हा मला धड सांगता आलं नाही. आता येतं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत दर वेळी दोन-तीन पालक मला ह्याच विषयावर गाठतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

ह्या सोयीचं नाव अर्ली कॉलेज एक्स्पीरियन्स, इथे सगळे ईसीई म्हणतात. युकॉनने ती १९५५ साली सुरू केली. हायस्कूलच्या मुलांना त्यांच्याच शाळेत बसून विद्यापीठाचे कोर्स करू देणाऱ्या अमेरिकेतल्या योजनांमध्ये ही सर्वांत जुनी. वर्ग शाळेचा, तास शाळेच्या वेळापत्रकातला, शिकवणारे शिक्षकही शाळेचेच. पण कोर्स विद्यापीठाचा. शिक्षकाला आधी त्या विषयाच्या युकॉनमधल्या विभागाकडून मान्यता घ्यावी लागते, सिलॅबस विभागाकडून तपासून घ्यावा लागतो आणि पुढेही प्रशिक्षणासाठी विद्यापीठात जावं लागतं. मुलाचा ग्रेड दोन ठिकाणी नोंदला जातो: शाळेच्या मार्कांत आणि युकॉनच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिकृत गुणपत्रकावर.

मी मूळची कोल्हापूरची. लग्नाआधी आणि नंतर मिळून सात वर्षं तिथे ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. त्यामुळे मला ही रचना समजायला जरा वेळ लागला, कारण ती आपल्या बरोबर उलटी आहे. महाराष्ट्रात अकरावी-बारावीची मुलं कॉलेजच्या इमारतीत बसतात, स्वतःला कॉलेजकुमार म्हणवतात, पण शिकतात बोर्डाचा अभ्यासक्रम. पेपर बोर्डाचा, गुण बोर्डाचे, आणि वर्गात शिक्षकाचा निम्मा जीव 'परीक्षेला काय येईल' ह्यात अडकलेला. इथे मूल शाळेच्या बाकावर बसून विद्यापीठाचं शिकतं. माझ्या मते इमारतीपेक्षा अभ्यासक्रम कोणाचा हे शंभर पटीने महत्त्वाचं, आणि मुलीच्या त्या वर्षाने माझी खात्री पटवली.

क्रेडिट म्हणजे काय (कोर्स पूर्ण केला की पदवीच्या हिशोबात जमा होणारं एकक), हे माझ्या कोल्हापूरच्या भाच्याला वेगळं सांगावं लागलं नाही. त्याने पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा कॉलेजने त्याला एबीसी आयडी काढायला लावला होता. आपल्याकडे ही अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आली, तिकडच्या पालकांनाही आता हा शब्द सवयीचा होत चाललाय. युकॉनची पदवी घ्यायला किमान १२० क्रेडिट लागतात. साधारण कोर्स तीन क्रेडिटचा, प्रयोगशाळेचा किंवा जास्त तासांचा असेल तर चार. मुलीने दोन कोर्स घेतले, कॅल्क्युलस आणि लेखनाचा, दोन्ही चार-चार क्रेडिटचे. क्रेडिटमागे ५० डॉलर, म्हणून ते ४०० चं बिल. कॅम्पसवर शिकताना राज्यातल्याच मुलालाही एका क्रेडिटचे काहीशे डॉलर पडतात, तेव्हा पैशाचा हिशोब कोणालाही पटेल असाच आहे. ज्या मुलांना शाळेत मोफत किंवा सवलतीच्या दरात जेवण मिळतं, त्यांना ही फी माफ असते. हे मुद्दाम लिहिते, कारण आपली माणसं संकोचाने विचारत नाहीत.

कॅल्क्युलसबद्दल फार सांगण्यासारखं नाही. चांगलं शिकवलं, पोरीने केलं. तोच वर्ग एपीचाही (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, शाळेत असताना कॉलेजचं क्रेडिट मिळवायची दुसरी सोय) होता, म्हणजे अर्धी मुलं मे महिन्यात कॉलेज बोर्डाची सव्वातीन तासांची परीक्षा देणार होती. दोन्हींतला फरक तेवढा लक्षात घ्या: एपीत वर्षभर काहीही केलेलं असो, क्रेडिट त्या एका सकाळच्या पेपरवर ठरतं. ईसीईत वर्षभराचं काम मोजलं जातं. परीक्षेच्या दिवशी ज्या मुलांच्या पोटात गोळा येतो, त्यांना ईसीई मानवतं. माझी मुलगी त्यांतलीच.

लेखनाच्या कोर्सबद्दल मात्र मला मनापासून बोलायचं आहे.

इथून उत्तरेला विंडसर आणि सिम्सबरीकडे गाडीने गेलात तर रस्त्याच्या कडेला लांबलचक, तांबड्या-करड्या लाकडी शेड दिसतात. तंबाखूच्या शेड. कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात सिगारवर गुंडाळायचं पातळ पान पिकतं. सुमात्राच्या पानाशी टक्कर द्यायला १९०० च्या सुमारास इथल्या शेतकऱ्यांनी अख्खी शेतं कापडाच्या मांडवाखाली झाकायला सुरुवात केली. पान सावलीत वाढतं, पातळ आणि रेशमी होतं, मग ह्या शेडमध्ये टांगून वाळवतात. शेडच्या भिंतीच्या उभ्या फळ्या बिजागरीवर उघडतात, वारा आत खेळावा म्हणून. आता शेती थोडीच उरली आहे, बऱ्याच शेड रिकाम्या पडल्यात.

माझी आई निपाणीची. तिच्या माहेरच्या गल्लीत तंबाखूची वखार होती. ती पहिल्यांदा इथे आली तेव्हा एका शेडजवळ गाडी थांबवायला लावली, खाली उतरली आणि म्हणाली, "वास नाही आला तरी कळतंय मला हे काय आहे ते." मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती गोष्ट तिने मनात ठेवली होती हे मला ठाऊकच नव्हतं. बारावीत लेखनाच्या कोर्सला विषय निवडायची वेळ आली तेव्हा तिने तंबाखू घेतला: इथल्या शेड आणि आजीची वखार.

मी शिक्षिका म्हणून तिचा पहिला ड्राफ्ट वाचला आणि खूश झाले. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप. माझ्या वर्गात मी दहापैकी नऊ दिले असते. त्यात मार्टिन ल्यूथर किंग होते. १९४४ च्या उन्हाळ्यात कॉलेजला जाण्याआधी ते सिम्सबरीच्या तंबाखूच्या शेतात मजुरी करायला आले होते, आणि हार्टफर्डच्या चांगल्या रेस्टॉरंटात आपल्याला बसून जेवता आलं ह्याचं अप्रूप त्यांनी घरी आईला पत्रात कळवलं होतं. जमैका आणि पोर्तो रिकोहून आलेले मजूर होते. निपाणीचं १९८१ चं शेतकरी आंदोलन होतं. सगळं बरोबर, सगळं नीटनेटकं.

तिच्या बाईंनी त्या सहा पानांत एका वाक्याखाली रेघ मारली. बाकी एकही दुरुस्ती नाही, व्याकरणाचीसुद्धा नाही. ते वाक्य आजीने सांगितलेलं होतं: वखारीत तंबाखू चाळताना दारं-खिडक्या लावून घेत, म्हणजे माल उडून जाऊ नये. बाईंनी शेजारी लिहिलं होतं, "इथे भिंत उघडायची, तिथे दार लावायचं. दोन्ही मालासाठी. आत उभं राहणाऱ्या बाईच्या श्वासाचं काय, हे तू कुठे विचारलं आहेस?"

मी ते वाचलं आणि थोडा वेळ तिथेच बसून राहिले. सात वर्षांत मी हजारभर निबंध तपासले असतील, पण असा प्रश्न मी कुणाच्या वहीत लिहिला नाही. लिहिताही आला नसता, कारण साठ-सत्तरच्या वर्गात बोर्डाने ठरवलेल्या गुणांच्या वाटणीत अशा प्रश्नाला जागाच नसते. लेखन म्हणजे माहिती मांडणं नाही, एक प्रश्न धरून त्याच्या मागे जाणं आहे, हे विद्यापीठाच्या ह्या कोर्सचं सूत्र आहे. दोन-तीनच मोठे निबंध, पण प्रत्येक चार-पाच वेळा पुन्हा लिहायचा. शेवटी आपण काय बदललं आणि का, ह्यावरही लिहून द्यायचं.

पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. ईसीईच्या मुलांना युकॉनचा नेट-आयडी, म्हणजे विद्यापीठाचं लॉगिन, मिळतो, आणि त्याच्यासोबत स्टॉर्सच्या मुख्य कॅम्पसवरच्या होमर बॅबिज लायब्ररीचे ऑनलाइन डेटाबेस उघडतात. बारावीची पोर रात्री जेस्टोर ह्या संशोधन-लेखांच्या संग्रहावर बिडी कामगार बायकांच्या फुफ्फुसांवरचे लेख वाचत बसलेली मी पाहिली. विंडसरच्या नॉर्थवेस्ट पार्कमध्ये तंबाखूचं छोटं संग्रहालय आहे, एका शनिवारी तिथे गेलो. आणि दर रविवारी सकाळी आजीला फोन. आजी सुरुवातीला म्हणायची, "त्यात काय सांगायचं, सगळ्याच बायका खोकायच्या." मग एकेक आठवायला लागली: पदर नाकातोंडावरून घट्ट ओढून घ्यायच्या, संध्याकाळी घरी आल्यावर तान्ह्या पोराला घ्यायच्या आधी अंगणातच हात-तोंड धुवायच्या, गूळ खायच्या. कोर्सचा एक भाग लिहिण्याच्या पलीकडचा होता, आवाज किंवा चित्र वापरून काहीतरी करून दाखवायचं. मुलीने आजीचा आवाज रेकॉर्ड केला, निपाणीच्या मराठीत, खाली इंग्रजी भाषांतर देऊन. कनेक्टिकटच्या एका हायस्कूलच्या वर्गात ती सहा मिनिटं माझ्या आईचा आवाज घुमला. वर्षभराच्या फीचं मोल मला त्या एका दिवशी मिळालं.

आता ज्या गोष्टी आधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या सांगते.

पहिली आणि सर्वांत मोठी. क्रेडिट युकॉन देतं, ते पुढे घ्यायचं की नाही हे दुसरं कॉलेज ठरवतं. मूल युकॉनलाच जाणार असेल तर प्रश्न नाही. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी अडचण येत नाही. पण अनेक खासगी विद्यापीठं हायस्कूलच्या इमारतीत, हायस्कूलच्या शिक्षकाने शिकवलेला कोर्स मानत नाहीत, किंवा शाळा पास होण्यासाठी मोजलेला कोर्स दुसऱ्यांदा मोजायला नकार देतात. आमची मुलगी दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठात गेली. त्यांनी कॅल्क्युलस घेतलं. लेखनाचा कोर्स नाकारला. सिलॅबस मागितला, तो पाठवला. निबंध मागितले, तेही पाठवले. पाच आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की कोर्स कॉलेजच्या आवारात झालेला नाही. ज्या कोर्सने पोरीला खरोखर लिहायला शिकवलं तोच नेमका बाद! मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. काम काय दर्जाचं आहे हे न बघता ते कुठल्या छपराखाली झालं हे बघणं मला शिक्षक म्हणून मान्य नाही. तिने पहिल्या वर्षी तिथला लेखनाचा कोर्स पुन्हा केला.

तेव्हा अकरावीतच, मूल ज्या पाच-सहा कॉलेजांचा विचार करतंय त्यांच्या वेबसाइटवर जाऊन नियम वाचा. 'हायस्कूलमध्ये शिकवलेला ड्युअल एनरोलमेंट कोर्स चालतो का' असा थेट प्रश्न (ड्युअल एनरोलमेंट म्हणजे शाळेत असतानाच कॉलेजचा कोर्स करणं) ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. शाळेच्या काउन्सेलरकडून आम्हाला "बहुतेक ठिकाणी चालतं" एवढंच मिळालं होतं आणि आम्ही त्यावर राहिलो.

ट्रान्स्क्रिप्ट आपोआप जात नाही. शाळा आपला ट्रान्स्क्रिप्ट पाठवते, त्यावर कोर्स दिसतो, म्हणून पालकांना वाटतं झालं काम. युकॉनचा अधिकृत ट्रान्स्क्रिप्ट मुलाने स्वतः युकॉनकडे मागवावा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला हे दुसऱ्या सेमिस्टरला कळलं, तोवर तो एक कोर्स दुसऱ्यांदा करून बसला होता.

क्रेडिट मिळायला किमान सी ग्रेड लागतो. त्याखाली आलं तर क्रेडिट नाही, नोंद ऑडिट म्हणून, म्हणजे वर्गाला बसला पण क्रेडिट नाही अशी, राहते आणि पैसे गेलेले असतात. आपल्या मुलांना सी येणार नाही असं म्हणणाऱ्या आया मला भेटतात. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये मुलाकडे बघा आणि मग बोला. १ नोव्हेंबरला कॉलेजांच्या लवकरच्या अर्जांची मुदत असते, त्याच आठवड्यात आमच्याकडे निबंधाचा तिसरा ड्राफ्ट होता. पोरगी दोन रात्री नीट झोपली नाही. कोर्स सोडायचाही ठरलेला दिवस असतो, तो कॅलेंडरवर लिहून ठेवा. सोडण्यात कमीपणा काही नाही.

आणि एक गोष्ट, जिचा सुरुवातीला मला त्रास झाला. विद्यापीठाच्या नोंदी मुलाच्या मालकीच्या असतात. १९७४ चा एक कायदा आहे, इथे त्याला फर्पा म्हणतात. मूल विद्यापीठात शिकू लागलं की तिथल्या नोंदींवरचा हक्क आईवडिलांकडून मुलाकडे जातो, मग ते सोळा वर्षांचं का असेना. शाळेकडून जे कळतं ते कळतं, पण युकॉनच्या प्राध्यापकाला किंवा कार्यालयाला फोन करून 'माझ्या मुलीचं कसं चाललंय' असं विचारायची सोय नाही. पालकसभेत हे ऐकलं तेव्हा मी शेजारच्या गुजराती बाईंकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. आम्हा दोघींनाही ते पचलं नाही. पण वर्षभरात मी बघितलं की बाईंना ईमेल लिहिणं, मुदत वाढवून मागणं, ग्रेड का कमी आला हे विचारणं, हे सगळं मुलीने स्वतः केलं. संध्याकाळी घरी यायची, वरण-भात जेवायची आणि मग लॅपटॉप घेऊन बसायची. घरची ऊब सुटलेली नाही आणि जबाबदारी मात्र स्वतःची, असं एक वर्ष तिला मिळालं. हॉस्टेलवर गेल्यावर पहिल्या महिन्यात ज्या मुली रडत फोन करत होत्या त्यांत ती नव्हती, त्याचं श्रेय मी ह्या वर्षाला देते.

शाळाशाळांत फरक आहे, हेही खरं. कुठे वीसेक ईसीई कोर्स, कुठे तीन-चार. मान्यता शिक्षकाला असते, त्यामुळे ते शिक्षक शाळा सोडून गेले तर कोर्सही बंद पडू शकतो. मुलीच्या बाई निवृत्तीच्या जवळ आहेत. त्यांच्यानंतर त्या वर्गाचं काय होणार, ह्याची मला खरोखर काळजी वाटते.

दुसऱ्या राज्यांतल्या मराठी मंडळींनी आपापल्या इथे चौकशी करावी. सिरॅक्यूज विद्यापीठाचा प्रोजेक्ट अ‍ॅडव्हान्स १९७० च्या दशकापासून चालू आहे, सेंट लुइस विद्यापीठाची अशी योजना १९५९ पासून. मिनेसोटात १९८५ च्या कायद्याने अकरावी-बारावीची मुलं थेट कॉलेजात जाऊन बसू शकतात, तो प्रकार वेगळा. ह्या कोर्सचे दर्जे तपासणारी नेसेप नावाची राष्ट्रीय संस्था १९९९ मध्ये स्थापन झाली. तुमच्या शाळेच्या योजनेला तिची मान्यता आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळेल.

माझ्याकडून ह्या सोयीला पाचपैकी चार तारे. शिकवण्याला पाच, पण पुढच्या कॉलेजात काय होईल हे पालकांना आधी स्पष्ट सांगण्यात फार कमतरता आहे, तो एक मी कापते. फक्त क्रेडिट गोळा करायला पाच-सहा कोर्स घेणाऱ्या मुलांच्या पालकांना मात्र माझी विनंती आहे, तसं करू नका. दोनच घ्या. त्यातला एक तरी असा घ्या, जो क्रेडिट मिळालं नाही तरी मुलाने आवडीने केला असता.

धाकटा आता दहावीत आहे. अकरावीसाठी त्याचा फॉर्म ह्या आठवड्यात आलाय आणि त्याने चार कोर्सांवर खुणा केल्यात, त्यांतले दोन ताईने सांगितले म्हणून आणि एक मित्राने घेतला म्हणून. चौथा पर्यावरणशास्त्राचा. त्याबद्दल विचारलं तर घरामागच्या ओढ्याबद्दल, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ त्यात उतरतं त्याबद्दल अर्धा तास बोलला. मी बाकीच्या तिन्ही खुणा खोडायला सांगितल्या, एक त्याच्या पसंतीने परत करू दिली आणि सही केली. त्याच रात्री त्याला सात कॉलेजांना पाठवायचा ईमेलही त्याच्याकडूनच लिहून घेतला.